बिनपळवाटेचं गाऱ्हाणं

आमच्या गावात माणूस दारू पितो एकटा, पण सोडतो मात्र सगळ्या गावासमोर. रवळनाथाच्या देवळात त्याला उभा करायचा, गुरवाने नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घालायचं, 'बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान आजपासून दारू सोडल्यान हा, तेका संभाळून घे रे म्हाराजा', आणि जमलेल्या आम्ही सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून गजर करायचा. सगळ्यात खणखणीत 'व्हय म्हाराजा' सोडणाऱ्याचाच असतो. मग खोबरं वाटतात, त्याची बायको डोळे पुसते, आणि पुढच्या अमावास्येच्या आत तो गडी कोणाच्या तरी खळ्यात, म्हणजे अंगणात, आडवा सापडतो.

ह्या कामात कायदा आणला तो नाझरांनी. कोर्टाचे समन्स बजावणं, जप्ती, लिलाव हे ज्याच्या अखत्यारीत येतं तो नाझर. आमचे नाझर निवृत्त होऊन गावी आले ते फक्त खुर्ची तिकडे ठेवून, बाकी सगळं कोर्ट बरोबर घेऊन. कोणाच्याही खळ्यात पाऊल टाकण्याआधी त्याचं नाव बापाच्या नावासकट तीनदा पुकारायचे. माणूस समोर ओसरीवर पाय पसरून बसलेला दिसत असला तरी तीनदा. मासेवालीला विचारायचे, "हे बांगडे आज सकाळचेच असल्याचे तू कबूल करतेस काय?" ती म्हणायची, "नाझरानू, घेवचे तर घेवा, नायतर वाट सोडा, मागे गिऱ्हायक खोळांबला." एकदा लग्नाच्या पत्रिकेतल्या 'मित्रपरिवारासह' ह्या शब्दाची व्याप्ती विचारायला ते वरबापाच्या घरी गेले होते. त्या बिचाऱ्याने घाबरून सांगितलं, "तुमी एकटेच येवा."

माझं कुडाळ-वेंगुर्ले रस्त्यावर मेडिकलचं दुकान आहे. नाझर दुकानात आले की कोर्टाची भाषा सोडून जगाच्या गप्पा मालवणीत मारत. एकच गोष्ट मागताना त्यांची भाषा शुद्ध व्हायची. ती गोष्ट म्हणजे त्यांची झोपेची गोळी. तिच्याकडे मी येतोच, आधी बाबल्याचं सांगतो.

बाबलो आमच्या गावचा पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. गावात आता माड पुष्कळ आणि चढणारा हा एकच उरलेला, म्हणून सगळ्यांचा लाडका. आणि पिणारा असा, की खाली नीट चालता येत नसे पण वर सरसर चढायचा. बायका खालून देवाचं नाव घेत उभ्या राहायच्या. एक दिवस हा वरून पडणार हे गावाला ठाऊक होतं. सगळे फक्त म्हणत होते, आमच्या माडावरून नको.

त्याच्या पहिल्या गाऱ्हाण्यात गुरव म्हणाला, 'ह्यो आता गावात दारू पिवचो नाय.' झालं! बाबलो बाटली घेऊन होडीत बसला आणि खाडीच्या मधोमध जाऊन प्यायला. विचारलं तर म्हणतो, "पाण्याक खंयचो गाव?" दुसऱ्या खेपेला 'गावात नाय, भायर नाय, पाण्यात नाय' असं घातलं. हा माडी प्यायला लागला. "ती दारू न्हय, माडाचा पाणी ता. माडार चढणाऱ्यान माडाचा पाणी पिवचा नाय तर कोणी पिवचा?" तिसऱ्या खेपेला माडीही घातली. मग बाबल्याने पंचक्रोशीतल्या सगळ्या राखणदारांच्या, म्हणजे गावाची सीम राखणाऱ्या अदृश्य देवांच्या, जागा शोधून काढल्या. आमच्याकडे काही राखणदारांना बाटली आणि विडी ठेवायची रीत आहे. हा तिथे बाटली ठेवायचा, हात जोडायचा, आणि तीच बाटली उचलायचा. म्हणे, "परसादाक नाय कसा म्हणू?"

ह्यावर गुरवाने हात टेकले तेव्हा नाझर पुढे आले. फुलस्केप कागदावर लिहिलेला मसुदा काढून त्यांनी गुरवाच्या हातात दिला आणि म्हणाले, "हे वाचा. एक शब्द गाळायचा नाही."

तो मसुदा मला अजून अर्धाअधिक पाठ आहे. 'देशी, विदेशी, काजूची, माडाची, घरची, दारची, झाडावरची, जमिनीवरची, पाण्यावरची, सीमेच्या अलीकडची वा पलीकडची, स्वहस्ते वा परहस्ते, प्रसाद म्हणून, औषध म्हणून, वैद्याच्या वा डॉक्टरच्या सांगण्यावरून, थेंब, घोट, वास वा चव...' गुरवाला प्रत्येक कलमाला दम लागत होता आणि प्रत्येक दमाला आम्ही 'व्हय म्हाराजा' म्हणत होतो. मागच्या रांगेतला एक जण शेवटी कंटाळून म्हणाला, "सगळ्याक एकदमच व्हय म्हाराजा!" नाझरांनी त्याला बाहेर काढलं.

तेव्हापासून गावोगावचे लोक नाझरांकडे येऊ लागले. पार वालावल, फोंडाघाटपासून. कोणाचा मुलगा गुटखा खातो, कोणाचा भाऊ गांजाच्या नादी लागलाय, कोणाची आई मशेरीशिवाय उठत नाही. नाझर प्रत्येकाची अर्धा तास उलटतपासणी घेत, मग मसुदा करून देत. एक छदाम घेत नसत, चहासुद्धा नाही. सुटत किती जण होते हे कोणी विचारलं नाही, पण मसुद्यांची ख्याती मात्र झाली.

हायस्कुलातही त्यांचं भाषण असे. मुलांना ते आवडायचं, कारण त्यात नुसतं 'वाईट आहे, वाईट आहे' नसायचं. नाझर सगळा इतिहास उलगडत. तंबाखू हा आपला नव्हेच, फिरंग्यांच्या गलबतातून उतरलेला पाहुणा, आणि आता घरमालक होऊन बसलाय. आपल्याच आज्या-पणज्या पोर रडू नये म्हणून अफूची गोळी चाटवायच्या आणि शेतावर जायच्या. पोर गप्प, आजी खूश, आणि थोडी जास्त झाली की पोर कायमचं गप्प. ज्या गर्द पावडरीच्या नावाने आज आईबाप थरथरतात, ती सुरुवातीला खोकल्याचं औषध म्हणून विकायला आली होती. कोकेनही दुखण्यावर आणि मरगळीवर उतारा म्हणून मोठमोठ्या डॉक्टरांनी दिलेलं. मग नाझर बोट वर करत आणि पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्याकडे बघून म्हणत, "विद्यार्थी मित्रहो, कुठल्याही व्यसनाचा जन्मदाखला काढा. बहुतेकांचं जन्मस्थान औषधाचं दुकान, असंच लिहिलेलं सापडेल."

मुलं टाळ्या वाजवत, मीही वाजवत असे. भाषण संपलं की नाझर माझ्याच स्कूटरवर मागे बसून दुकानात येत, खिशातून चिठ्ठी काढत आणि शुद्ध मराठीत म्हणत, "ही आमची नेहमीची. पंधरा दिवसांची द्यावी."

ती चिठ्ठी त्यांनी लॅमिनेट करून घेतली होती. अहो, खरंच! डॉक्टरची चिठ्ठी, ओळखपत्रासारखी प्लॅस्टिकमध्ये. ज्या डॉक्टरने लिहिली तो वारून सहा वर्षं झाली होती. नाझरांची बायको शेवटचे आठ महिने दम्याने झोपली नव्हती, आणि तिच्याबरोबर हेही झोपले नव्हते. ती गेली, पण ह्यांची झोप काही परत आली नाही. तेव्हा त्या डॉक्टरने लिहून दिलं होतं, रोज एक गोळी, पंधरा दिवस. त्या पंधरा दिवसांना बारा वर्षं होऊन गेली होती. 'पंधरा दिवस' हे शब्द त्या प्लॅस्टिकखाली स्वच्छ वाचता येत होते. अख्ख्या गावाच्या पळवाटा हुडकणाऱ्या माणसाला ते कधी दिसले नाहीत आणि मी कधी दाखवले नाहीत. जुना माणूस, आबरूदार, शिवाय माझ्या वडिलांचा दोस्त. त्याला काय म्हणून नाही म्हणायचं? कायद्याने नवी चिठ्ठी मागायला हवी होती, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी लाजलो आणि देत राहिलो, ह्यापेक्षा वेगळं कारण माझ्याकडे नाही.

बाबलो एकदा माझ्याकडे खोकल्याचं औषध मागायला आला. खोकला नव्हता हे सांगायला नको. नेमके तेव्हाच नाझर काउंटरवर चिठ्ठी घेऊन उभे. बाबल्याने ती उचलून उलटसुलट बघितली, माझ्याकडे बघितलं, नाझरांकडे बघितलं, आणि औषध न घेताच गेला. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पुढच्या सोमवारी देवळात बाबल्याचं पाचवं गाऱ्हाणं होतं; चौथं त्याने पळवाट न शोधता सरळच मोडलं होतं. सगळे जमले, गुरवाने नारळ उचलला, आणि बाबलो म्हणाला, "थांबा. नाझरानू, तुमी रोज काय खातास?"

"ते औषध आहे," नाझर म्हणाले.

"माझापण औषधच. माडार चढान चढान पाठ मोडता."

"मला डॉक्टरने दिलंय."

"तो डॉक्टर मेलो. वरसून पाठवता काय गोळये?"

लोक हसले. हसायला नको होतं, पण हसले, मीही हसलो. नाझरांचा चेहरा उतरला. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, बाबल्यासाठी आणलेल्या मसुद्यावर बाबल्याचं नाव खोडलं, दारूच्या जागी गोळी लिहिली, आणि तिथेच खांबाला टेकून पाच मिनिटांत एक नवं गाऱ्हाणं तयार केलं. 'अख्खी, अर्धी, पाव, कण वा चूर्ण, जुन्या चिठ्ठीवर वा नव्या, झोप न आल्यास, आजार आल्यास, डॉक्टरच्या सांगण्यावरून वा आग्रहावरून, आज ह्या क्षणापासून प्राण असेपर्यंत...' एक फट नाही, सुई जाणार नाही असं! गुरव वाचत गेला, आम्ही 'व्हय म्हाराजा' म्हणत गेलो. मी रोज गोळ्या विकणारा माणूस, मीसुद्धा. त्या गोळीच्या खोक्यात एक बारीक अक्षरांचा कागद घडी घालून येतो. बारा वर्षांत मी त्याची घडी उलगडली नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी बाबलो नाझरांच्याच माडावर होता. वरून त्याला दिसलं, की नाझर विहिरीकडे चालले आहेत, पाय लटलटतायत, आणि मग ते पडले आणि त्यांचं अंग आचके देऊ लागलं. बाबलो कसा खाली आला हे त्यालाही आठवत नाही. छाती सोलवटून निघाली होती. त्याने नाझरांना उचलून रिक्षेत घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलीएवढी. तिने सगळं ऐकून घेतलं, आणि मग नाझरांना सोडून मलाच धरलं. "तुम्ही मेडिकलवाले ना? इतक्या वर्षांची गोळी अशी एकदम तोडत नाहीत, हे तुम्हाला माहीत नाही? थोडी थोडी कमी करत आणायची असते, काही महिने लागतात. पुन्हा अशी फिट आली तर हा माणूस हाताला लागणार नाही."

"उद्यापासून गोळी पुन्हा सुरू," बाईंनी नाझरांना सांगितलं. "मग हळूहळू उतरवू."

"शक्य नाही," नाझर खाटेवरून म्हणाले. आवाज बसला होता, पण भाषा शुद्ध होती. "अर्धी, पाव, कण वा चूर्ण. डॉक्टरच्या सांगण्यावरून सुद्धा. मी देवासमोर लिहून दिलंय."

तिथे सुरू झाली खरी गंमत, जिला गंमत म्हणवत नाही. गुरव म्हणाला, देवाचा कौल घेऊया, देव मोकळं करील. नाझर म्हणाले, "कौल म्हणजे अपील. मी माझ्याच निकालावर अपील करायचा नाही." सरपंच म्हणाले, त्या कागदाचे कपटे करून खाडीत टाकू. नाझर म्हणाले, "पुरावा नष्ट केल्याने गुन्हा नाहीसा होत नाही." मी म्हटलं, पाण्यातून नकळत देऊ. ते म्हणाले, "परहस्ते. तेही आहे त्यात." हात थरथरत होते, घामाने उशी भिजली होती, आणि हा माणूस स्वतःच्या जगण्याची एकेक वाट स्वतःच बुजवत होता. मला रडू येत होतं आणि त्यांच्या दोन मुस्कटात द्याव्यात असंही वाटत होतं.

बाबलो दाराशी उकिडवा बसला होता. तो उठून आत आला.

"नाझरानू, एक इचारतंय. कोर्टात आरोपी आजारी पडलो तर तेका सोडतत का नाय?"

"जामिनावर सोडतात," नाझर सवयीने म्हणाले. "पण जामीनदार लागतो."

"मी रवतंय."

अख्खा वॉर्ड हसला, शेजारच्या खाटेवरचा सलाइन लावलेला माणूससुद्धा. नाझर तेवढे हसले नाहीत. "तू? तुझी काय पत आहे?"

"काय एक नाय," बाबलो म्हणाला. मग त्याने रवळनाथाच्या दिशेला तोंड केलं, तिकडे दवाखान्याचं औषधाचं कपाट होतं, आणि हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या म्हाताऱ्याची गोळी सुटापर्यंत मी थेंब घेवचंय नाय. मी पाळलंय तर तेच्या गोळयेचो दोष तेका लावू नको. मी पिलंय तर लाव. व्हय म्हाराजा."

कोणीच 'व्हय' म्हटलं नाही. मग डॉक्टरीणबाई, बिचारी घाटावरची, तिला यातलं काही ठाऊक नाही, तिनेच हळू म्हटलं, "व्हय महाराजा." मग आम्ही सगळे म्हणालो.

"ह्यात भोका किती आसत माहीत आसा?" नाझर मालवणीत म्हणाले. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच.

"आसांदेत," बाबलो म्हणाला.

बाईंनी बाबल्यालाही सोडला नाही. दारूही अशी एकदम तोडायची नसते, रोज येऊन मला दाखवायचं, म्हणून आठवडाभर तपासून, औषध देऊन मगच त्याला माडावर जाऊ दिलं. आणि नाझरांच्या गोळ्या माझ्या ताब्यात आल्या, ह्या खेपेला खऱ्या चिठ्ठीवर. मी ब्लेडने कापायचो आणि पुडी बांधून द्यायचो. जामीनदारासमोर घ्यायची म्हणून बाईंच्या परवानगीने रात्रीऐवजी रोज सकाळी अकरा वाजता देवळाच्या पायरीवर नाझर पुडी सोडायचे, बाबलो समोर बसायचा. हे गोळी गिळायचे, तो बघायचा. मग नाझर त्याला तोंड उघडायला लावून वास घ्यायचे. त्या दोघांचं तिथे भांडण झालं नाही असा दिवस नसेल. बाबल्याचे हात सुरुवातीला कापायचे, एकदा तो वेंगुर्ल्याच्या एसटीत बसून अर्ध्या वाटेवरून चालत परत आला. का गेला होता आणि का परत आला, कोणी विचारलं नाही. नाझर त्या दिवशी साडेबारापर्यंत पुडी हातात घेऊन पायरीवर बसून होते. ऊन डोक्यावर आलं होतं, मी छत्री नेऊन दिली.

सव्वा वर्ष लागलं. अख्खीची पाऊण, पाऊणची अर्धी, अर्धीची पाव. मग एका सकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "संपलं, नाझर. आता काही नको." मी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेलो तर हे तोंड सुकवून बसलेले.

"गोळी संपली म्हणजे जामीन संपलो," ते म्हणाले. "त्या मेल्याक कळला तर सांजवेळेक पितलो." मग म्हणाले, "तुझ्याकडे काय बिनकामाची गोळी आसा? शक्तीची-बिक्तीची?"

"नाझरानू, देवाच्या पायरीवर खोटं?"

"देवाक सगळा माहीत आसा," ते म्हणाले. "बाबल्याक माहीत होवचा नाय, इतक्याच."

दुसऱ्या दिवसापासून मी व्हिटॅमिनच्या गोळ्या पाव पाव कापून पुडीत बांधू लागलो. नाझर पायरीवर बसून ती गिळायचे आणि कडू लागल्यासारखं तोंड करायचे. इतका वाईट नट मी जन्मात पाहिला नाही. आयुष्यभर दुसऱ्याचं खोटं पकडलेल्या माणसाला स्वतः खोटं बोलायला शिकवणारं कोणी नव्हतं. असं पावणेदोन वर्षं चाललं. मग गेल्या माघात नाझर सकाळी चहा पिता पिता गेले, शांतपणे, खुर्चीत.

तेरावं झालं आणि बाबलो दुकानात आला. मी म्हटलं, संपलं, हा आता खोकल्याचं औषध मागतोय.

"तेंची पुडी दी," तो म्हणाला.

"कसली पुडी?"

"ती वायटामिनची."

"तुला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"आदी पांढरी होती, मगे पिवळी झाली," बाबलो म्हणाला. "माका काय डोळे नाय? पयल्याच दिवसाक समाजला." आम्हा दोघांपैकी एकालाही रंग सुचला नव्हता. मसुद्यात सुईला जागा न ठेवणाऱ्या नाझरांनाही नाही, आणि सकाळ-संध्याकाळ गोळ्या हाताळणाऱ्या मलाही नाही.

"मग बोललास का नाही? तू मोकळा होतास, बाबल्या."

"तो माणूस माझ्यासाटी देवासमोर रोज खोटा बोलत होतो," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरले. "मी मगे कसो पिव, सांग?"

मी आत जाऊन एक गोळी घेतली, ब्लेडने चार तुकडे केले आणि त्यातला एक काउंटरवर ठेवला. त्याने तो तोंडात टाकला आणि तोंड कडू केलं, अगदी नाझरांसारखं, आणि आम्ही दोघं हसलो आणि मग रडलो. तेव्हापासून रोज अकराला येतो. आला की कोयता दाराशी ठेवतो, पाव गोळी घेतो आणि माडाकडे जातो. परवा मी डॉक्टरीणबाईंना सहज विचारलं, तर त्या म्हणाल्या, घेऊ दे की, ह्या गोळीची काही सवय लागत नाही. आता त्यांना काय सांगायचं!